कादंबरीतली आई काहीच फेकत नाही, मग घर रिकामं करायचा प्रसंग ठेवू का?

गोकुळपेठ_कॉर्नर
नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांपासून एक कादंबरी लिहून राहिली आहे आणि आता अडकली म्हणून विचारते. नागपूरच्या महाल भागातलं जुनं घर, वडील रेल्वेतून रिटायर, मोठा मुलगा पुण्यात, धाकटी मुलगी घरीच आणि तीच सगळं सांगते. आईला काही म्हणजे काही फेकवत नाही. दुधाच्या धुतलेल्या पिशव्या, श्रीखंडाचे डबे, कूलरच्या जुन्या ताट्या, जळालेले पंप, आणि लग्नपत्रिका तर विचारूच नका कारण त्यावर गणपती असतो, गणपती कचऱ्यात कसा टाकायचा? आधी माळा भरतो, मग देवघराशेजारची खोली, मग वडिलांची खाट बाहेर सपरीत येते आणि तिथेच राहते.

शेवटाकडे मुलं आईला महिला मंडळासोबत शेगावला पाठवतात आणि मागे कबाडी बोलावून सगळं घर खाली करतात. आई परत येते, खूप रडते, मग हळूहळू मार्गी लागतं. वाचायला दिलं तर एक मैत्रीण म्हणे आई खलनायिका वाटते, दुसरी म्हणे अगं माझी आई पण अशीच आहे, यात आजार कुठे आला? कुठे घोळ होऊन राहिला ते सांगा.

जुना_भंडारा_रोड
ताई, मी अशाच घरात वाढलो म्हणून बोलतो. तो शेवट खोटा आहे, राग मानू नका.

आमच्याकडे हेच झालं होतं. आई मावशीकडे गेली आणि आम्ही बहीणभावांनी हातगाड्या भरभरून सामान काढलं, फरशीचा रंग कोणता ते तेव्हा कळलं. आई आली, रडली वगैरे अजिबात नाही. चहा केला, प्यायली, आणि दुसऱ्या दिवशी कबाडीचं दुकान शोधत गेली आणि त्यातलं काही चक्क विकत घेऊन आली. तिथून पुढे तिनं कोणाच्या हातात किल्ली दिली नाही, कुठे मुक्कामाला म्हणून गेली नाही, सख्ख्या भाच्याच्या लग्नाला पण जेवून रात्रीच परत. घर वर्षाच्या आत होतं तसं. म्हणजे सामान गेलं ते आलं, पण आमच्यावरचा विश्वास गेला तो गेलाच.

आणि तुमच्या कादंबरीत सामान खूप दिसतं, माणसं कमी दिसतात. आमच्या घरी सिलेंडरवाला फाटकाच्या आत आला नाही, बाबा स्वतः ओढून न्यायचे. मित्र आला की मी चप्पल घालूनच दार उघडायचो, म्हणजे त्याला वाटावं की हा निघालाच होता. ताईला पाहायचा कार्यक्रम मामाच्या घरी केला, पाहुण्यांना सांगितलं घराचं काम काढलंय, ते काम मग लग्न होईपर्यंत चालूच होतं. मे महिन्यात ४५ डिग्रीत खिडकीपाशी कूलर ठेवायला जागा नाही म्हणून आम्ही सगळे गच्चीवर झोपायचो आणि शेजारी म्हणायचे वा, किती हौशी कुटुंब आहे. हे लिहा ना. खोटं बोलायला कोण कसं शिकलं ते लिहा.

शांत_चौक
मी समुपदेशनाचं काम करते, थोडं त्या बाजूनं.

तुमच्या दुसऱ्या मैत्रिणीचा प्रश्न बरोबर आहे, आपल्याकडे पिशवीत पिशव्या ठेवणारी बाई घरोघरी आहे. फरक सामान किती आहे यात फारसा नाही. ओट्यावर स्वयंपाक करता येत नाही, पलंगावर झोपता येत नाही, बाथरूमचा रस्ता बंद, आणि एक डबा टाकायचा म्हटलं तरी जीव कासावीस होतो, मग तो आजार. २०१३ साली डीएसएम-५ मध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या अमेरिकन यादीत, याला "होर्डिंग डिसऑर्डर" असं वेगळं निदान म्हणून जागा मिळाली, त्याआधी ते ओसीडीच्याच (तेच विचार, त्याच कृती पुन्हा पुन्हा करायला लावणारा आजार) खात्यात धरायचे. तपासायला फोटोंची एक पट्टी पण असते, बैठक, स्वयंपाकघर, बेडरूम यांचे प्रत्येकी ९ फोटो, मोकळ्या खोलीपासून छतापर्यंत भरलेल्या खोलीपर्यंत, आणि आपलं घर कशासारखं ते दाखवायचं. घरातली माणसं आणि ती व्यक्ती बोट वेगवेगळ्या फोटोवर ठेवतात तेव्हा खरं बोलणं सुरू होतं. तुम्हाला प्रसंग हवा असेल तर हा घ्या.

सुरुवात बहुतेक वेळा लहान वयातच झालेली असते, टीनएजमध्ये, फक्त तेव्हा आईवडील आवरून टाकतात म्हणून दिसत नाही आणि पुढे वयाबरोबर वाढत जातं. त्यामुळे "सासूनं छळलं म्हणून साठवायला लागली" असं एकच कारण कृपया देऊ नका. गरिबीत वाढली म्हणून, हे पण वाचकाला लगेच पटतं पण तसा सरळ संबंध अभ्यासांत सापडत नाही. घरात कोणी गेलं, मोठा धक्का बसला, तर ते वाढतं हे मात्र दिसतं. आळस तर नसतोच, उलट अशी माणसं एकेका वस्तूवर इतका विचार करतात की निर्णयच होत नाही. हा कागद लागेल का, कोणाला देऊ, वाया गेला तर? उपचार म्हणजे तोच निर्णय तिला स्वतःला घ्यायला शिकवणं, थोडं थोडं, तिच्याच घरात बसून, आणि याला खूप वेळ लागतो. मागून परस्पर घर खाली केलं की काय होतं ते वर दादांनी सांगितलंच आहे.

तर्री_जास्त
काहून बाप्पा, कादंबरी लिहायची आहे का पेपर सोडवायचा आहे? मॅडमचं सगळं खरं असेल पण विसाव्या प्रकरणात डॉक्टर येऊन आजाराचं नाव सांगून गेला की वाचक पुस्तक मिटवते. नाव घेऊच नका. त्या बाईच्या डोक्यातून लिहा, तिले ते सगळं कामाचंच वाटते ना.

आणि घर महालातून उचला, अंबाझरी लेआउटकडे न्या. २३ सप्टेंबर २०२३ आठवते ना? एका रात्रीत पाऊस असा पडला का अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो, नाग नदी घरात, लोकं झोपेतून उठून पाण्यात उभे. नंतरचे दिवस पहा, प्रत्येकाच्या दारासमोर गाद्या, फ्रिज, सोफे, चिखलातली पुस्तकं, ढीगच ढीग. आता विचार करा, पूर्ण जन्मात त्या बाईचं घर पहिल्यांदा चारचौघांसारखं दिसून राहिलं. कोणी नाव ठेवून नाही राहिलं. पोरगी पहिल्यांदा मैत्रिणीले घरी बोलावते. इथं आहे तुमची कादंबरी, शेगावचं काय घेऊन बसल्या.

गोकुळपेठ_कॉर्नर
अरे देवा, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. कबाडीवालं प्रकरण काढत नाही पण मधे घेते, तिसरा-चौथा भाग, आणि आई किल्ली कमरेला लावते तिथून पुढची गोष्ट. तो पाहण्याचा कार्यक्रम बदलून वापरला तर चालेल का दादा? फक्त पुरानं सगळं वाहून नेलं तर तो परत माझा जुनाच शेवट होत नाही का, आयतं साफ? मग आईनं काय करायचं?

जुना_भंडारा_रोड
वापरा बिनधास्त, ताईला मी सांगतो.

आणि आयतं साफ कसलं. माझी आई असती तर महानगरपालिकेची गाडी येण्याच्या आत शेजाऱ्यांनी बाहेर टाकलेलं निम्मं सामान आमच्या गच्चीवर वाळत पडलं असतं.