घरचा कट्टा: तांबडीचं मागं राहिलेलं पिल्लू

सुजाता: (व्हिडिओ) आबा, आत्या, हे बघा जरा. तांबडी कोंबडीच्या रवणीतलं, म्हणजे तिनं उबवलेल्या अंड्यांतलं, शेवटचं पिल्लू. बाकीची आधी निघाली, ती त्यांना घेऊन उठली आणि हे मागाहून एकटंच फुटलं. गार पडायला लागलं म्हणून घरात आणलं. चपलांच्या खोक्यात ठेवलंय, वर बल्ब लावलाय. पण उभंच राहत नाही. पाय दोन बाजूला जातात आणि पोटावर आपटतं.

आप्पा: शुभ सकाळ. आज संकष्टी आहे, लक्षात असू द्या.

विजूभाऊ: वहिनी, घारीनं नेलं असतं तर तेवढंच झालं असतं. एका पिल्लापायी कुठं डोकं लावता.

नंदाआत्या: विजू, तू पण सातव्या महिन्याचा. तुला कुणी घारीपुढं टाकला नव्हता.

प्रसाद: मी आत्ता शोधलं. ‘मॅरेक्स’ नावाचा रोग असतो, त्यात कोंबड्यांचे पाय जातात. संसर्गजन्य आहे, औषध नाही. बाकीच्या पिल्लांपासून लगेच लांब ठेवा. बहुतेक मारावंच लागेल.

आबाकाका: प्रसाद, थांब. मॅरेक्स अंड्यातून निघाल्या निघाल्या दिसत नाही, बहुतेक महिनाभर वाढ झाल्यावर पुढं दिसतो. त्यात एक पाय पुढं आणि एक मागं ताणून पक्षी आडवा पडतो. इथं दोन्ही पाय बाजूला फाकलेत. सुजाता, खोक्यात खाली काय घातलंयस?

सुजाता: पेपर. रोजचा बदलते.

आबाकाका: तिथंच आहे. पेपरवर पाय धरत नाही. कोवळे सांधे, पाय घसरतो, पिल्लू फाकून बसतं आणि मग तशीच सवय लागते. उशिरा निघालेलं पिल्लू आधीच अशक्त असतं, त्याला हे लवकर होतं. आधी पेपर काढ. गोणपाटाचा तुकडा घाल, सुतळी सुटलेली नको, बोटात अडकते.

नंदाआत्या: आमच्या आईकडं शेणानं सारवलेली भुई, डालग्याखाली भाताचं तूस. पाय फाकलेलं पिल्लू मी लहानपणी बघितल्याचं आठवत न्हाई. पेपर आले आन् ही दुखणी आली. सुजाता, कोमट मोहरीचं तेल चोळ पायाला.

आबाकाका: अक्का, तेल नको. पिसं भिजली की गारठून मरेल. सुजाता, बोटांचा जवळून फोटो टाक. उचलून धर, तळवा दिसू दे.

सुजाता: (फोटो)

आबाकाका: छान. बोटं सरळ आहेत, हे बघायचं होतं. बोटं मुठीसारखी आत वळली असती आणि पिल्लू मागच्या सांध्यावर टेकून बसलं असतं, तर ती बी-2 जीवनसत्त्वाची कमतरता. तिथं पाय बांधून काही होत नाही, पाण्यातून बी-कॉम्प्लेक्स द्यावं लागतं आणि तेही लवकर, कारण नस एकदा गेली की परत येत नाही. दुसरं, मागचा सांधा सुजून चपटा झालाय का आणि त्याच्या खालचा पाय एकाच बाजूला पिळलाय का? तसं असेल तर शीर खोबणीतून सरकलेली असते. त्याला मँगनीज कमी पडतं, शीर एकदा पक्की सरकली की फारसं हातात राहत नाही. तुझ्या पिल्लाचं तसं काही दिसत नाही. नुसते फाकलेत. हे बरं होतं.

सुजाता: मग बांधायचं कसं? सुतळीनं?

आबाकाका: सुतळी नाही, रबर तर अजिबात नाही. रक्त थांबतं. मेडिकलमधून मायक्रोपोर टेप आण, कागदासारखी पांढरी असते. अर्ध्या बोटाच्या रुंदीची पट्टी काप. मागच्या सांध्याच्या खाली आणि बोटांच्या वर पायाला एक वेढा, तिथून आडवी नेऊन दुसऱ्या पायाला वेढा, परत पहिल्याकडं. मधला भाग चिकटाला चिकट लावून बंद कर, नाहीतर त्यावर तूस बसेल. दोन पायांत अंतर त्याच्या अंगाच्या रुंदीएवढंच. जास्त जवळ आणलेस तर तोंडावर पडेल. एकानं पिल्लू हातात उताणं धरायचं, दुसऱ्यानं बांधायचं. तासाभरानं बोटं बघ. सुजली किंवा निळी पडली तर लगेच सोड.

रेवती: सुजाता, ओवी त्याला हातात घेऊन पापे घेतेय का गं? बर्ड फ्लूचं वाचलं होतं म्हणून विचारते.

आबाकाका: घरच्या रवणीतल्या एका पिल्लाला पाय फाकले म्हणून बर्ड फ्लू धरू नका. एकदम खूप कोंबड्या मरायला लागल्या तर गोष्ट वेगळी, तेव्हा हात न लावता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं. पण पापे बंदच. पिल्लाच्या विष्ठेतून साल्मोनेला नावाचा जंतू जातो, पोरांची पोटं बिघडतात. हात साबणानं धुवायचे, खोकं स्वयंपाकघरात नको.

सुजाता: ओवी रुसलीय. खायला काय देऊ? कणी टाकलीय, खात नाही. अंड्यावरच्या कोंबड्यांचं खाद्य आहे अर्धं पोतं.

आबाकाका: ते पोतं त्याच्यापासून लांब ठेव. त्यात साडेतीन-चार टक्के कॅल्शियम असतं, पिल्लाला एक टक्का पुरतं. जास्त झालं की मूत्रपिंडं जातात. नुसती कणीही नको, तिच्यात जीवनसत्त्वं कुठली? त्यावरच वाढवलीस तर मग खरोखरच बोटं वळतील. तालुक्याला पिल्लांचं स्टार्टर खाद्य सुटं मिळतं, ते आण. आज उकडलेल्या अंड्याचा पिवळा बलक चुरून दे, चिमूटभरच. पोटात अजून स्वतःचा बलक आहे त्याच्या, लगेच उपाशी मरत नाही. पाणी महत्त्वाचं.

सुजाता: आबा, आज संकष्टी. अत्या, म्हणजे सासूबाई, घरात अंडं शिजवू देत नाहीत.

आप्पा: मी सकाळीच सांगितलं होतं.

नंदाआत्या: मागच्या परसात तीन दगड मांड आन् जुन्या डब्यात उकड. तुझ्या सासूला सांग, नंदानं सांगितलं. पिल्लाला काय संकष्टी?

सुजाता: झालं. बाहेरच्या चुलीवर. अत्या काही बोलल्या नाहीत, उलट वाळलेल्या काटक्या आणून दिल्या. पाणी ड्रॉपरनं तोंडात सोडू का?

आबाकाका: तोंडात सोडू नको, श्वासनळीत जातं. चोचीच्या कडेला एक थेंब लाव, ते आपणच गिळतं. चिमटीभर गूळ विरघळव, आजच्यापुरता. पुढं बाटलीच्या झाकणात पाणी ठेव आणि त्यात खडे टाक, पाय बांधलेलं पिल्लू पालथं पडलं की बोटभर पाण्यातही बुडतं. पाण्याचं झाकण आणि दाणे चोचीजवळ सरकव. पायाच्या दुखण्यानं पिल्लं मरत नाहीत, खाद्यापर्यंत पोचता येत नाही म्हणून मरतात.

प्रसाद: बल्ब किती वॅटचा? पहिल्या आठवड्यात 35 अंश लागतं असं दिसतंय, मग दर आठवड्याला साधारण 3 अंश कमी.

आबाकाका: हे बरोबर शोधलंस. 60 वॅटचा पुरतो, उंचीवर ठरतं. थर्मामीटर नसला तर पिल्लाकडं बघा. बल्बाखाली अंग चोरून सारखं ओरडतंय म्हणजे थंडी वाजतेय, बल्ब खाली घ्या. पंख पसरून चोच उघडी ठेवतंय म्हणजे उकडतंय. खोक्याची एक बाजू गार राहू दे, त्याला सरकायला जागा पाहिजे.

सुजाता: सारखंच ओरडतंय, बल्ब खाली घेतला तरी.

नंदाआत्या: एकटं हाय म्हणून. ओवीचा छोटा आरसा लाव आत.

सुजाता: (व्हिडिओ) आरशाला चिकटून बसलंय आणि गप्प. ओवीचा रुसवा पण गेला.

विजूभाऊ: टेपवालं कसंय? जमलं का?

नंदाआत्या: आता का विचारतोस रे?

सुजाता: पहिल्यांदा टेप सैल झाली, निसटली. दुसऱ्यांदा अत्यांनी धरलं, मी बांधलं. सुरुवातीला दोनदा कोलमडलं, मग दोन्ही पाय एकदम उचलून उड्या मारत पाण्याकडं गेलं. बोटं गुलाबीच आहेत.

आबाकाका: उड्या मारू दे. उद्या टेप एकदा सोडून बघ. पाय आत राहिले तर मोकळं ठेव, फाकले तर नव्यानं बांध. बहुतेकांना दोन-चार दिवस पुरतात. पहिल्या आठवड्यात सांधा वळतो, नंतर हाड घट्ट होतं. काढताना खोबरेलाचं बोट फक्त टेपवर फिरव आणि थोडं थांबून सोड, ओढू नको, कातडी निघते. हे करूनही पाय उचलेनासा झाला किंवा मान वाकडी झाली, तर जनावरांच्या दवाखान्याच्या 1962 या नंबरला फोन लाव.

सुजाता: आबा, टेप काढली आज. सरळ चालतंय, डावा पाय जरा बाहेर टाकतं. तांबडीकडं सोडू का? दिवसा दाखवलं तर टोचायला धावली.

नंदाआत्या: दिवसा न्हाई गं. रात्री अंधारात, बाकीची पंखाखाली निजली की हळूच मागनं सरकव. अंधारात तिला कळत न्हाई. पण डालगं उघडायच्या आधी, फटफटायला लागलं की जाऊन बघ. डोक्यावर टोचत असली तर काढून घे आन् खोक्यात दुसरं एक पिल्लू सोबतीला दे.

सुजाता: सरकवलं आत्ता. अत्या बॅटरी धरून उभ्या होत्या. गजर लावलाय.