तिसरीच्या वजाबाकीवर कृतिसंशोधन करायचंय, सुरुवात कशी करू?

खडूफळा:
नमस्कार मंडळी, बीड जिल्ह्यात झेडपी शाळेवर आहे, तिसरी-चौथी दोन्ही माझ्याकडेच. शिक्षण परिषदेत सांगितलंय की यंदा प्रत्येकाने एक छोटं कृतिसंशोधन करायचं, म्हणजे आपल्याच वर्गातली एक अडचण धरून उपाय करून बघायचा. माझ्या डोक्यात ‘विद्यार्थ्यांच्या मनातील गणिताची भीती दूर करणे’ असा विषय आहे, कारण तिसरीची पोरं हातच्याची वजाबाकी आली की पेन्सिल खाली ठेवतात. तुलनेला शेजारच्या शाळेचा वर्ग घ्यावा लागतो का? आणि परिकल्पना, म्हणजे उपायाने काय होईल हा आधीचा अंदाज, कशी मांडू?

तिसरीच्या_मॅडम:
सर, भीती सोडा हो, ती मोजणार कशाने? हातच्याची वजाबाकी एवढाच विषय धरा. आधी दहाएक उदाहरणांची पूर्वचाचणी घ्या, थोडी बिनहातच्याची, थोडी हातच्याची, एकदोन 403 − 158 सारखी मधे शून्य असलेली. आणि नुसते मार्क मांडून बसू नका, पोरगं काय चुकलं ते नावापुढे लिहा. 52 − 27 ला 35 लिहिलं म्हणजे ते 7 मधून 2 काढतंय, वरचा-खालचा काही नाही, मोठ्यातून लहान.

गणितवेडा:
मॅडमशी सहमत, फक्त 52 − 27 चाचणीत नको. हातचा घेतला पण दशकातला कमी करायला विसरलं तरी उत्तर 35च येतं (12 मधून 7 गेले 5, 5 मधून 2 गेले 3), मग कळणार कसं कोण कुठे चुकलं. 53 − 27 द्या. मोठ्यातून लहान काढणारा 34 लिहील, विसरणारा 36, बरोबर उत्तर 26. आणि हे दोघं वेगळे पेशंट आहेत बरं का, पहिल्याला दहा-दहा काड्यांचे गठ्ठे द्या, रबर काढून दहा सुट्या करायला लावा, दुसऱ्याला गठ्ठा सोडायचं कळलेलंच असतं पण वहीत 5 खोडून 4 करत नाही, त्याला तेवढीच सवय लावायची. सरसकट सगळ्यांना काड्या वाटून फोटो काढण्यात अर्थ नाही.
शेजारच्या वर्गाची गरज नाही. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविनने 1946 मध्ये कृतिसंशोधनाची ही पद्धत मांडली तीच मुळी ठरवा, करा, बघा, पुन्हा ठरवा अशी आहे, प्रयोगशाळा नाहीये ती. परिकल्पना एका ओळीत बसली पाहिजे: गठ्ठे सोडून वजाबाकी केल्यास मोठ्यातून लहान काढण्याच्या चुका कमी होतील. झालं.

तिसरीच्या_मॅडम:
53 − 27 मस्त 👍 आणि सर, तुमच्याकडे दिवाळीनंतर ऊसतोडीला पोरं जातात ना? मग उत्तरचाचणी, म्हणजे उपायानंतरची चाचणी, दिवाळीच्या सुट्टीआधीच उरका. आकडे बदला पण काठिण्य तेच ठेवा, नाहीतर पोरं उत्तरं पाठ करून येतात.

खडूफळा:
हे डोक्यातच नव्हतं आलं. काही घरं आधीच निघतात, त्यांची नावं काढून टाकू का मग?

गणितवेडा:
काढू नका. पूर्वचाचणीला 14 आणि उत्तरचाचणीला 9 असतील तर तसंच लिहा, का कमी झाले तेही ‘मर्यादा’ मध्ये लिहा. तुलना मात्र दोन्ही वेळा हजर असलेल्या त्या 9 जणांचीच करा, नाहीतर अवघड जाणारी पोरं गेली की सरासरी आपोआप वर जाते आणि आपल्याला वाटतं काड्यांनी कमाल केली 😄