वडिलांना पॅलिएटिव्ह केअरला नेतोय, पोथी-पूजेचं काय करावं?

प्रश्न (कोथरूडकर): बाबांना फुफ्फुसाचा कॅन्सर, केमो आता बंद केलीय. पुण्यात वारज्याच्या सिप्ला पॅलिएटिव्ह सेंटरला नेणार आहोत, म्हणजे आजार बरा होणार नसला तरी वेदना-त्रास कमी करून काळजी घेतात तिथे, पैसे घेत नाहीत आणि घरच्यांनाही सोबत राहता येतं. आत्या म्हणतेय गरुडपुराण लावा, भाऊ म्हणतो मरणाचं नावही काढायचं नाही. बाबा कधी देवळात न जाणारे, पण परवा रात्री एकदम म्हणाले, "आई गेली तेव्हा मी पोचलो नाही, रागावली असेल का रे?" मला काही बोलताच आलं नाही. काय करू?

नर्सताई: गरुडपुराण माणूस गेल्यावर वाचतात हो, आत्ता कशाला! बाबांचा प्रश्न धरा. सिसिली सॉन्डर्स बाईंनी १९६७ ला लंडनला सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या दिवसांतल्या रुग्णांची काळजी घेणारं ठिकाण, सुरू केलं, त्या म्हणायच्या की अंगाचं, मनाचं, नात्यांचं, श्रद्धेचं दुखणं एकमेकांत गुंतलेलं असतं. आधी वेदना आटोक्यात आणा, मॉर्फिन लिहून दिलं तर घाबरू नका, कळ मारत असताना कोण काय बोलणार. मग नुसतं विचारा, आजी कशी होती? "छे, रागावली नसणार" म्हणून विषय बंद करू नका.

वांद्रेवाली: माझी आई शांती अवेदना सदनमध्ये होती, १९८६ पासूनचं आहे ते, देशातलं पहिलं हॉस्पिस. सिस्टर्स ख्रिश्चन, आई पक्की माळकरी, तरी उशाशी विठोबाचा फोटो आणि संध्याकाळी मोबाईलवर हरिपाठ, कुणी काही म्हटलं नाही. एक सांगते, शेवटी तुळशीपत्र-गंगाजल तोंडात घालायची सगळ्यांना घाई होते पण गिळता येत नसेल तर जोरात ठसका लागतो, बोळा ओला करून ओठांना लावायचा, तेवढं पुरे.

सातारी_मामा: भावाकडे पण बघा. तोच जास्त घाबरलाय असं वाटतं, त्याला समुपदेशकांपाशी एकट्याला बसू द्या, तुम्ही मध्ये बोलू नका.

कोथरूडकर: सगळ्यांचे आभार. काल आजीचं विचारलं, बाबा किती वेळ बोलत होते, तिची जात्यावरची ओवी पण म्हणून दाखवली, मला माहीतच नव्हतं त्यांना येते ते. रडले, मग शांत झोपले. आता गावचे काका भजनी मंडळ घेऊन येतो म्हणतायत, बोलवू का?

नर्सताई: बाबांना विचारा. हो म्हणाले तर सेंटरला आधी कळवा आणि दोघा-तिघांनाच येऊ द्या, लवकर दमतात. नको म्हणाले तर काकांना एकट्यांना बोलवा, लहानपणीच्या गप्पा मारतील.