अनोळखी नावाचा सॅक्सोफोन: नाव बघायचं की नग?

पार्क चौक (धागाकर्ता)
ओळखीतल्या आठवीतल्या एका मुलीला अल्टो (मध्यम आकाराचा) सॅक्सोफोन घ्यायचाय. दुकानदाराने दाखवला त्यावरचं नाव मी कधी ऐकलेलं नाही. किंमत यामाहाच्या शिकाऊ मॉडेलच्या निम्म्याहून बरीच कमी. घरच्यांनी विचारलं, "कंपनी चांगली आहे का?" मी म्हणालो, कंपनी राहू द्या, नग तपासा. त्यावरून आमच्या कट्ट्यावर जुंपली, म्हणून इथे मांडतोय.

अशा बहुतेक नावांमागे स्वतःचा कारखानाच नसतो. चीनमध्ये तिएनजिनच्या आसपास, तैवानात हौली भागात माल तयार होतो आणि ज्याची ऑर्डर त्याचं नाव बेलवर, म्हणजे वाद्याच्या रुंद तोंडावर, कोरलं जातं. यात नवं काही नाही. शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत एल्कहार्ट गावचे कॉन, ब्युशर, मार्टिन हे कारखानदार हेच करायचे. वाद्य त्यांचं, नाव भलत्याच दुकानाचं. म्हणजे एकाच नावाचे दोन नग दोन कारखान्यांतले असू शकतात आणि दोन नावांचे नग एकाच बाकावर जुळवलेले. मग "हा ब्रँड कसा आहे?" याला उत्तर काय देणार? सोलापुरी चादरीच्या नावाने बाहेरचा माल विकला जातोच की. जाणता माणूस लेबल वाचत बसत नाही, कापड चिमटीत धरतो.

तपासायला फार काही लागत नाही. खोलीत अंधार करून नळीत एलईडीची बारीक माळ सोडा आणि चाव्या हलक्या बोटाने दाबा. पॅडच्या (चावीखालच्या गादीच्या) कडेने उजेड दिसला की तिथून हवा गळते. मग सी, बी, बी-फ्लॅट हे सगळ्यात खालचे सूर हळू आवाजात लावा. जोरात फुंकून तर काहीही वाजतं. हळू लागतो का ते बघायचं. चावी धरून दांडीवर आडवी हलवा, खुळखुळली तर काम ढिलं. जी-शार्पचं पॅड चिकटेल, त्याला घाबरू नका, ते महागड्यांतही चिकटतं. माउथपीस (तोंडात धरायचा भाग) मात्र आपला न्या. दुकानातल्या माउथपीसवर वाद्याची परीक्षा करायची म्हणजे दुसऱ्याचा चष्मा लावून डोळे तपासायचे, असं मी म्हणणार होतो, पण चादर आधीच वापरून झाली.

होटगी रोड
हे सगळं तुम्हाला येतं हो. त्या मुलीच्या आईवडिलांना येतं का?

आणि जे खरे दोष असतात ते पहिल्या दिवशी दिसतच नाहीत. स्वरछिद्रांच्या कडा सपाट नसल्या की कारखानदार मऊ, जाड पॅड बसवतो. ते वेड्यावाकड्या कडेवरही दबून बसतं, तुमच्या माळेचा उजेड बाहेर येत नाही. वर्षभराने पॅड कडक झालं की गळती सुरू. चाव्यांचं पितळ मऊ असेल तर तेही दुकानात कळत नाही. रोज पिशवीतून काढताना-घालताना हळूहळू वाकतं आणि मग एकेक सूर बोलेनासा होतो.

नाव म्हणजे हमी. यामाहाचा वायएएस-२८० सोलापुरात मागवा नाहीतर हैदराबादेत घ्या, हातात तेच वाद्य येतं. सुटा भाग मागवता येतो, विकायला काढला तर गिऱ्हाईक मिळतं. तुमच्या बिननावाच्या नगाची दांडी हरवली तर तुम्ही कोणाला फोन करणार? माझं वाद्य अजूनही दुरुस्तीला पुण्याला जातं. येण्याजाण्याचा खर्च धरला तर स्वस्ताई कुठल्या कुठे जाते.

चादरीचं उदाहरण तर तुमच्यावरच उलटतंय. तिला भौगोलिक मानांकन आहे ते नावाला किंमत आहे म्हणूनच.

बँडवाल्याचा नातू
काय बे, सगळे यामाहा यामाहा. आमच्यात आजोबांपासून मेरठचा माल हाय, जलीकोठीचा. वरातीत घोड्याचा धक्का बसतोय, पावसात भिजतंय, पोरं टेम्पोत कसंबी फेकतेत. बेल चेपली की ठोकून सरळ करतोय, खांब सुटला की डाक लावतोय, झालं. तुमचं लाखाचं वाद्य घेऊन लग्नसराईत एक सीझन काढून दाखवा की.

पण खरं सांगतो पार्क चौक दादा, पोरीला क्लासला घालणार असशील तर आमचा माल नको. आमी एकमेकांत जुळवून घेतोय, ढोल-ताशात कोण सेंट (अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) मोजतंय? पेटीसंगं बसलं की वरचा सप्तक चढलेला लगेच कळतोय.

सात रस्ता
एवढी चिरफाड कशाला? जॅझचा बादशहा चार्ली पार्करने १९५३ साली टोरोंटोच्या मैफलीत ग्राफ्टनचा प्लॅस्टिकचा अल्टो वाजवला. कद्री गोपालनाथांनी म्हैसूर राजवाड्याच्या बँडात सॅक्सोफोन ऐकला आणि पुढे त्याच वाद्यावर कर्नाटक संगीतातले गमक काढून दाखवले. वाद्यात काही नसतं, वाजवणाऱ्यात असतं.

होटगी रोड
पार्करचा प्लॅस्टिकचा अल्टो अशा प्रत्येक वादात हजर असतो. त्याच ग्राफ्टनचं पुढे काय झालं तेही सांगा. प्लॅस्टिक तडकायचं, सुटे भाग मिळेनात, साठचं दशक सरताना उत्पादनच बंद. पार्करला कुठला सूर कुठे ढळतो ते क्षणात कळायचं आणि तो ओठाने सावरून घ्यायचा. शिकणाऱ्याला वाटतं चूक आपली. गळक्या वाद्यावर सहा महिने धडपडून "मला जमत नाही" म्हणत वाद्य माळ्यावर टाकलेली मुलं मी पाहिलीत. म्हणून तर नवशिक्याला वाद्य जास्त चांगलं लागतं.

पार्क चौक
शेवटचं वाक्य मान्य, एकदम मान्य. पण "चांगलं" म्हणजे "नावाचं" हे कुठून आलं? तैवानचा जुपिटर आज सगळ्यांना ठाऊक आहे, तोही कधीतरी अनोळखीच होता.

सुराचा मुद्दा नातवाने काढला तो महत्त्वाचा. ट्यूनर (सूर मोजायचं यंत्र) लावून प्रत्येक सूर दोन्ही सप्तकांत तपासा. मधला डी बहुतेक सॅक्सोफोनांत थोडा चढतो, तेवढं माफ. पण शेजारशेजारचे सूर एक वर, एक खाली असे विखुरलेले असतील तर नग परत करा, ते कोणी दुरुस्त करून देत नाही. आणि आपल्या सोलापुरात उन्हाळ्याची एक वेगळी भानगड आहे. नळीतली हवा एक अंश तापली की सूर साधारण ३ सेंट चढतो. श्वास मुळातच गरम असल्याने प्रत्यक्षात फरक कमी पडतो, तरी एसी दुकानात बरोबर लागलेलं वाद्य मे महिन्यात पत्र्याच्या मांडवात वर जाणारच. पेटीच्या पट्ट्या काही तुमच्याबरोबर चढत नाहीत. तेव्हा माउथपीस बुचावर बाहेर ओढायला जागा उरते का, हे दुकानातच बघून घ्या.

अशोक चौक
मग मधला मार्ग: जुना नामांकित घ्या. अनोळखी नव्यापेक्षा केव्हाही बरा.

पार्क चौक
जुन्यात वेगळाच खड्डा आहे. ब्रिटिश लष्करी बँडांत १९२० च्या दशकातही चढी पट्टी होती, ए हा सूर साधारण ४५२ हर्ट्झचा. आज ४४० चा. म्हणजे जवळजवळ अर्ध्या स्वराच्या निम्मा फरक. त्या काळचं वाद्य हाती लागलं तर नाव कितीही मोठं असो, पेटीशी बसणार नाही. माउथपीस ओढूनही भागत नाही, कारण छिद्रांमधली अंतरंच त्या पट्टीची असतात. जुन्या अमेरिकन वाद्यांवर हाय पिच (चढी पट्टी), लो पिच (आजची पट्टी) अशी खूण बऱ्याचदा सापडते, ती आधी शोधा.

होटगी रोड
बघा, इथेही शेवटी तपासणाराच लागला. तुमचा सल्ला "नग तपासा" असा नाहीच मुळी, "मला सोबत न्या" असा आहे.

पार्क चौक
तर मग नेऊ द्या की! रविवारी जातोय. तुम्हीही चला.

बँडवाल्याचा नातू
पोरीच्या गळ्यात पट्टा घालून बघितला का कुणी? अडीच किलोचं वजन हाय, मानेवर येतंय, थोडं उजव्या अंगठ्यावरबी. करंगळी खालच्या चाव्यांपर्यंत पोचते का ते आधी बघा, मग भांडा.

होटगी रोड
येतो रविवारी. माळ तुमची, ट्यूनर माझा. आणि नग परत घ्यायची अट बिलावर लिहून घेऊ, तोंडी चालणार नाही.