मित्रपक्षाचं वजन आणि सह्यांचा कागद

मित्रपक्षाच्या दबावाने दुसऱ्या पक्षाचा विधिमंडळ नेता, म्हणजे त्याच्या आमदारांचा प्रमुख किंवा गटनेता, बदलू शकतो का, असा प्रश्न पडतो. मतदानाचा हक्क मित्रपक्षाला नाहीच. नेता निवडायच्या बैठकीत ज्या-त्या पक्षाचेच आमदार बसतात. एक जण नाव सुचवतो, दुसरा अनुमोदन देतो. लॉबिंग होतं ते त्याआधी. महाराष्ट्र विधानसभेत २८८ पैकी १४५ चा बहुमताचा आकडा एकट्याने गाठता येत नसेल, तर राज्यपालांकडे मित्रपक्षाचं पाठिंब्याचं पत्र लागतंच. ते कधी द्यायचं, त्यात नेत्याचं नाव घालायचं की नुसता पक्षाला पाठिंबा म्हणायचं, यावर खरी घासाघीस चालते.

२००४ चं बघा. राष्ट्रवादी ७१, काँग्रेस ६९. जास्त आमदारवाल्यांनी मुख्यमंत्रिपद सोडलं, बदल्यात जादा मंत्रिपदं घेतली, आणि काँग्रेसचे, आपल्या लातूरचे विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले.

सगळ्यात जपायचं ते सह्यांना. २३ नोव्हेंबर २०१९ ला राष्ट्रवादीचे गटनेते अजित पवारांनी ५४ आमदारांच्या सह्यांचा कागद भाजपला पाठिंबा म्हणून राज्यपालांना दिला. सह्या हजेरीसाठी होत्या, असं पक्षाने सांगितलं आणि त्याच दिवशी गटनेतेपद काढून घेतलं. तोवर नव्या सरकारचा शपथविधी उरकला होता! म्हणून हजेरीच्या प्रत्येक पानावर तारीख, विषय आणि 'केवळ उपस्थिती' लिहिल्याशिवाय सही देऊ नये.

शिवाय ११ मे २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने प्रतोद (आमदारांना मतदानाचा पक्षादेश, म्हणजे व्हिप, बजावणारा) आणि गटनेता नेमायचा अधिकार राजकीय पक्षाचा मानलाय. आमदार कितीही एकवटले तरी पक्षाचं अधिकृत पत्र विधानसभा अध्यक्षांकडे गेल्याशिवाय निवड पक्की धरू नका.