शब्दचर्चा : 'बालिकबायन'ला मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : फिलिपिन्समधून हवाईला गेलेल्यांच्या नातवंडांवरचा मजकूर मराठीत आणताना 'बालिकबायन' या तागालोग (फिलिपिन्सच्या एका प्रमुख भाषेतल्या) शब्दापाशी अडलं आहे. 'मायदेशी परतलेला' म्हणावं, तर हवाईत जन्मलेली नात परतली कशी? ती फिलिपिन्समधून कधी निघालीच नव्हती. आणि 'पासालुबोंग'ला नुसतं 'भेटवस्तू' म्हणून भागेल का?

प्रतिसाद १ : 'बालिक' म्हणजे परत येणं. 'बायन' म्हणजे गाव, मुलूख, देश आणि तिथली माणसंसुद्धा. बोलताना हा शब्द सैलपणे वापरतात, कागदावर मात्र तो नेमका आहे. १९७३ मध्ये सरकारने या नावाची योजना काढली आणि १९८९ मध्ये त्याचा कायदा (क्रमांक ६७६८) झाला. सलग वर्षभर देशाबाहेर राहिलेला नागरिक, परदेशी कामाला गेलेला कामगार आणि दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलेला पूर्वीचा फिलिपिनो, हे तिघे बालिकबायन. सवलत त्याच्या कुटुंबालाही आहे, पण 'कुटुंब' म्हणजे फक्त जोडीदार आणि मुलं. कुटुंबातल्या परदेशी नागरिकत्व असलेल्या माणसांना वर्षभर व्हिसाशिवाय राहता येतं, पण विमानतळावर बालिकबायनाच्या सोबत उतरलं तरच.

नातवंडं या व्याख्येत नाहीत. अमेरिकी पासपोर्टवर एकट्या आलेल्या नातीला साध्या पर्यटकासारखे ३० दिवस मिळतात. तिच्या जन्माच्या दिवशी आई किंवा वडील फिलिपिन्सचे नागरिक असतील, तर गोष्ट वेगळी. मग ती जन्मानेच नागरिक ठरते. (१७ जानेवारी १९७३ पूर्वीचा जन्म आणि फक्त आई फिलिपिनो असेल, तर सज्ञान झाल्यावर नागरिकत्व निवडावं लागे.) म्हणून आई-वडिलांनी अमेरिकी नागरिकत्वाची शपथ घेतल्याची तारीख आणि लेकराची जन्मतारीख शेजारी ठेवून बघावी लागते. कायद्याचा संदर्भ असेल तिथे 'बालिकबायन' तसाच ठेवा. 'मायदेशी परतलेला' लिहिलंत, की ही सगळी गुंतागुंत पुसली जाते.

प्रतिसाद २ : कायद्याचं पटलं. पण अशा लेखनात खरं काम दुसराच एक शब्द करतो : 'उवी'. तागालोगमध्ये 'बुमालिक' म्हणजे जिथून निघालो तिथे परत जाणं, मग ते दुकान असो की देश. 'उवी'वरून झालेलं 'उमुवी' म्हणजे घरी जाणं. न पाहिलेल्या आजोळाकडे निघालेल्या नातीलाही 'उमुवी' म्हणता येतं.

आणि मराठीत याला तयार शब्द आहे. परळमध्ये जन्मलेलं, शाळेपासून नोकरीपर्यंत मुंबईतच राहिलेलं पोरगं गणपतीत म्हणतं, 'गावाला चाललो.' 'आमचं गाव राजापूर' असंही बिनदिक्कत सांगतं. तिथे राहिलेलं असण्याची अट आपल्या भाषेने घातलेलीच नाही. तेव्हा 'उमुवी'ला 'गावाला जाणं' हाच शब्द घ्या. 'मुळांचा शोध' नको, तो पाठ्यपुस्तकी वाटतो.

प्रतिसाद ३ : मजकूर हवाईचा आहे, म्हणजे तिथल्या ऊसमळ्यांवर गेलेल्या फिलिपिनो मजुरांसाठीचा 'साकादा' हा शब्द येणारच. २० डिसेंबर १९०६ रोजी 'डोरिक' जहाजाने १५ जण होनोलुलूला उतरले, ते पहिले. पुढे १९४६ पर्यंत लाखाच्या वर लोक गेले. फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावर साकादा म्हणजे हंगामापुरता आणलेला ऊसतोड कामगार, मध्ये कंत्राटदार. आपला मुकादम आणि उचल डोळ्यापुढे आणा. हवाईत मात्र त्याचा अर्थ 'मळ्यावर गेलेली पहिली पिढी' असा झाला आणि आता तो पूर्वजांबद्दलचा आदराचा शब्द आहे. तिथे 'ऊसमळ्यावरचा मजूर' लिहा; खुरपणीपासून वाहतुकीपर्यंत सगळंच ते करत. 'करारी मजूर' नको, मराठीत करारी म्हणजे बाणेदार.

हे लोक बहुतेक फिलिपिन्सच्या उत्तरेकडच्या इलोकोस भागातले, भाषा इलोकानो. नातवंडं हौसेने तागालोग शिकून जातात आणि गावात फसतात. इलोकानोत 'अपो' ही वडीलधाऱ्याला मारलेली हाक, 'वेन, अपो' म्हणजे 'होय, जी'. तागालोगमध्ये शेवटच्या अक्षरावर जोर दिला, की 'अपो' म्हणजे नातवंड! 'मानोंग' (थोरला भाऊ) लिहितानाही 'भाऊ' नको, 'दादा' लिहा. घराबाहेरच्या थोराला हाक मारायलाही तो चालतो आणि आपला 'दादा'ही तसाच चालतो.

प्रतिसाद ४ : पासालुबोंगबद्दल. मूळ शब्द 'सालुबोंग', म्हणजे सामोरं जाणं. येणाऱ्याने भेटणाऱ्यांसाठी आणलेली वस्तू ती पासालुबोंग. मराठीत 'खाऊ' सगळ्यात जवळचा, मात्र यात साबण, टॉवेल, डबाबंद मांसही येतं. 'वानवळा' नको, तो आपल्या शेतातल्या मालाचा असतो. याची उलटी जोडी 'पाबाओन' : 'बाओन' म्हणजे शिदोरी, निघणाऱ्याला बांधून दिली की पाबाओन. तिथे डोळे मिटून 'शिदोरी' लिहा.

इथे हमखास होणारी चूक सांगतो. पाहुणी मावशीच्या घरापुरतं आणते आणि दारात आलेल्या चुलत घरांना काहीच उरत नाही. म्हणून छोट्या, सारख्या वस्तू जास्त न्याव्यात. परतताना पाबाओनमध्ये लोंगानिसा (डुकराच्या मांसाचे सॉसेज) दिले, तर अमेरिकेच्या विमानतळावर ते काढून घेतात. बागोओंगची (खारवून आंबवलेल्या मासळीची) बाटली झाकणाला चिकटपट्टी लावून, दोन पिशव्यांत घालून मोठ्या बॅगेतच ठेवावी. एक थेंब गळला तरी सगळे कपडे वास मारतात.

प्रतिसाद ५ : एक शब्द राहिला, 'मधलं नाव'. मराठी वाचक ते वडिलांचं धरेल. फिलिपिन्समध्ये ते आईचं माहेरचं आडनाव असतं. अमेरिकी कागदांवर त्याचं एकच आद्याक्षर उरतं आणि आजोळचा धागा तिथेच तुटतो. भाषांतरात 'आईकडचं आडनाव' असंच लिहा. स्पॅनिश काळच्या चर्चच्या नोंदींत क्रम उलटा, आधी वडिलांचं, मग आईचं. शेवटचं आडनाव घराण्याचं समजलात, तर भलत्याच घरी पोचाल.

नुसत्या आडनावावरून नातंही जोडू नये. १८४९ मध्ये स्पॅनिश गव्हर्नर क्लाव्हेरियाने यादी काढून आडनावं वाटली. काही गावांना एकाच अक्षराची पानं गेली, त्यामुळे तिथे जवळजवळ सगळ्यांची आडनावं एकाच अक्षराने सुरू होतात. मनिलाच्या सांख्यिकी कार्यालयात जन्मनोंदी १९४५ पासूनच्या मिळतात. त्याआधीच्या आजोबांसाठी गावच्या नगरपालिकेतलं नोंदणी कार्यालय आणि चर्चची बाप्तिस्म्याची वही बघावी लागते. जाताना आजोबांचं पूर्ण नाव, त्यांच्या आईचं माहेरचं आडनाव, अंदाजे जन्मसाल आणि 'बारिओ'चं म्हणजे वाडीचं नाव, हे चार तपशील कागदावर लिहून न्यावेत. नुसतं 'इलोकोस' सांगून कुणी वही उघडत नाही.