१६८९ च्या संकटात स्वराज्याच्या धुरिणांनी घेतलेले निर्णय: जिंजीचा मार्ग आणि वतनांचा प्रश्न

कृष्णाकाठ यांचा प्रश्न

फेब्रुवारी १६८९ मध्ये छत्रपती संभाजी महाराज संगमेश्वरी पकडले गेले आणि ११ मार्च रोजी औरंगजेबाने त्यांची हत्या करविली. विजापूर १६८६ मध्ये आणि गोवळकोंडा १६८७ मध्ये पडल्यामुळे बादशाहाची सारी फौज आता एकट्या मराठ्यांवर मोकळी झाली होती, आणि त्याच मार्चमध्ये मोगल सरदार झुल्फिकारखानाने रायगडाला वेढाही घातला. या स्थितीत जे निर्णय झाले, त्यांपैकी दोन निर्णयांविषयी जाणकारांचे मत हवे आहे. संभाजी महाराजांचे धाकटे बंधू राजाराम महाराजांनी महाराष्ट्र सोडून थेट जिंजीला (आजच्या तामिळनाडूतील किल्ल्यावर) जाणे योग्य होते का? आणि थोरल्या महाराजांनी, म्हणजे शिवाजी महाराजांनी, प्रयत्नपूर्वक आवरलेली वतने आणि इनामे (जमिनीवरचे वंशपरंपरागत हक्क व देणग्या) पुन्हा सढळ हाताने देण्यावाचून खरोखरच गत्यंतर नव्हते का?

मोडीवाचक यांचा प्रतिसाद

पहिल्या निर्णयाचे श्रेय मी आधी महाराणी येसूबाईंना देईन. पतीची अशी हत्या झालेली, मुलगा शाहू सात वर्षांचाही नाही, आणि तरीही त्यांनी मुलाच्या नावाने गादी अडवून धरली नाही. एकोणीस वर्षांच्या दिराला पुढे केले. राजवंशातील सर्वांनी एकाच गडावर अडकून राहू नये, राजाराम महाराजांनी बाहेर पडावे आणि गड आपण लढवावा, हा सल्ला त्यांचाच होता असे परंपरा सांगते. ५ एप्रिलला राजाराम महाराज रायगडावरून निघाले. नोव्हेंबरमध्ये रायगड पडला आणि येसूबाई व शाहू कैदेत गेले, पण छत्रपती शत्रूच्या हाती लागला नाही. औरंगजेबाचा सारा हिशेब राजा संपला की राज्य संपते या समजुतीवर उभा होता, आणि विजापूर व गोवळकोंड्याला तो खरा ठरला होता. इथे तो चुकला.

जिंजीला जाण्याला पळ म्हणणे मला मान्य नाही. तो किल्ला शिवाजी महाराजांनी १६७७ मध्ये घेतला होता. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी या तीन डोंगरांना एका तटबंदीत गुंफणारे ते स्थळ दीर्घ वेढ्यासाठीच घडलेले होते. सप्टेंबर १६८९ मध्ये पन्हाळ्याहून निघालेले महाराज वेषांतर करून, बिदनूरच्या राणी चन्नम्मांच्या मदतीने मोगली पथकांना चुकवत तेथे पोहोचले. झुल्फिकारखानाला ते ठाणे घ्यायला १६९० पासून १६९८ च्या आरंभापर्यंत लागले. इतकी वर्षे मोगलांची मोठी फौज आणि त्यांचे नामांकित सरदार कर्नाटकात (जिंजीच्या मुलखाला तेव्हा असे म्हणत) गुंतून पडले, एवढेच नव्हे तर वेढ्यासाठी आलेला शाहजादा कामबक्ष मराठ्यांशी संधान बांधतो आहे या संशयावरून त्याला त्याच्याच छावणीत अटक झाली. इकडे रामचंद्रपंत अमात्यांना ‘हुकूमतपनाह’ हा किताब आणि निर्णयाचे पूर्ण अधिकार देऊन ठेवले होते, त्यामुळे प्रत्येक गोष्टीसाठी जिंजीहून हुकूम येण्याची वाट पाहावी लागत नव्हती. दूर असलेल्या राजाने आपला अधिकार विश्वासाने वाटून द्यावा, हे त्या काळात दुर्मीळ होते आणि माझ्या मते तेच राजाराम महाराजांचे खरे कर्तृत्व आहे.

पिंपळपार यांचा प्रतिसाद

वतनांच्या प्रश्नाकडे खजिन्याच्या बाजूने पाहावे लागते. रायगड गेला, मुलूख उद्ध्वस्त झाला, वसूल बंद पडला. फौजेला रोख देण्यासाठी पैसाच नव्हता. दुसरीकडे बादशाह याच देशमुखांना आणि सरदारांना मनसबी (मोगली दरबारातील हुद्दे) व वतनांची लालूच दाखवत होता, आणि ती घेऊन गेलेले घरचे लोकही काही कमी नव्हते. देण्यासारखे जे उरले होते ते जमिनीवरचे हक्क, आणि तेही बहुतांशी अजून जिंकायच्या जमिनीवरचे. ४ जून १६९१ रोजी हणमंतराव घोरपड्यांना दिलेले आश्वासन या दृष्टीने मुळातून वाचण्याजोगे आहे. त्यातील सरंजामाची (फौज बाळगण्यासाठी नेमून दिलेल्या उत्पन्नाची) रक्कम टप्प्याटप्प्याने द्यायची आहे: रायगड प्रांत घेतल्यावर काही, मग विजापूर, भागानगर (हैदराबाद) आणि औरंगाबाद घेतल्यावर काही, आणि उरलेली दिल्ली काबीज केल्यावर! स्वतःची राजधानी शत्रूच्या ताब्यात असताना दिल्लीचा हप्ता लिहून देणारे हे लोक मनाने खचलेले नव्हते, हे त्या कागदावरून स्पष्ट कळते.

या व्यवहाराची दुसरी बाजू खंडो बल्लाळ चिटणीसांच्या कथेत दिसते. त्यांचे वडील बाळाजी आवजी यांना संभाजी महाराजांच्या आज्ञेने प्राण गमवावे लागले होते, तरीही खंडो बल्लाळांनी या घराण्याची सेवा सोडली नाही. जिंजीतून महाराजांना बाहेर काढण्याची वेळ आली तेव्हा मोगलांकडे असलेल्या गणोजी शिर्क्यांनी मदतीच्या मोबदल्यात दाभोळचे वतन मागितले, आणि ते ज्यांच्याकडे होते त्या खंडो बल्लाळांनी ते तत्काळ सोडून दिले, असे बखरी सांगतात. छत्रपतींच्या सुटकेचा सौदासुद्धा वतनावरच झाला, यावरून त्या काळी माणसे कशाने बांधली जात हे लक्षात येते.

म्हणून माझे उत्तर असे: गत्यंतर नव्हते, पण किंमत जबर होती. वतने देण्याच्या कारभारात ज्यांचा मोठा हात होता, त्या रामचंद्रपंतांच्याच नावावरील ‘आज्ञापत्र’ या राजनीतीवरील ग्रंथात वतनदार म्हणजे राज्याचे दायाद (वाटेकरी) आहेत, त्यांना फार बळ देऊ नये, असा कठोर इशारा आहे. तो अनुभवातून आला असावा असे मला वाटते.

कृष्णाकाठ

दोघांचेही आभार. एक शंका मात्र राहते. अधिकार वाटून दिल्यामुळे राज्य वाचले असे मानले, तर सेनापती संताजी घोरपड्यांचा शेवट कसा समजून घ्यायचा?

मोडीवाचक

आपली शंका रास्त आहे, आणि इथे राजाराम महाराजांचा बचाव करणे मला कठीण जाते. नोव्हेंबर १६९५ मध्ये दोड्डेरीला कासिमखानाची फौज पूर्ण कोंडून शरण आणणारा आणि पुढे दोनच महिन्यांत हिंमतखानाला रणात मारणारा सेनापती त्या काळात दुसरा नव्हता. तो कडक शिस्तीचा होता, तापट होता, धन्यालाही स्पष्ट बोलणारा होता. दुसरे मातब्बर मराठा सरदार धनाजी जाधव यांच्याशी त्याचे वैर वाढत गेले तेव्हा ते मिटविण्याऐवजी महाराजांनी एक बाजू घेतली, संताजींचे सेनापतीपद काढले, आणि जून १६९७ मध्ये शंभू महादेवाच्या डोंगराळ भागात एकाकी फिरणाऱ्या या माणसाला नागोजी माने यांनी जुन्या सूडापायी मारले. वाटून दिलेल्या अधिकारांना एकत्र धरण्यासाठी ज्या वजनाचा माणूस मध्यभागी लागतो, ते वजन त्या प्रसंगी जिंजीत नव्हते.

वाईकर यांचा प्रतिसाद

ते वजन पुढे राजाराम महाराजांच्या पत्नी ताराबाईंनी दाखविले, आणि त्यांचा उल्लेख झाल्याशिवाय ही चर्चा पुरी होणार नाही. मार्च १७०० मध्ये सिंहगडावर राजाराम महाराज गेले तेव्हा त्या जेमतेम पंचवीस वर्षांच्या होत्या. औरंगजेब तेव्हा स्वतः साताऱ्याच्या वेढ्यात बसला होता. त्यानंतर पन्हाळा, विशाळगड, सिंहगड, राजगड, तोरणा असा एकेक गड घेत तो वृद्ध बादशाह वर्षानुवर्षे सह्याद्रीत फिरत राहिला. मराठ्यांचे किल्लेदार गड शक्य तितका झुंजवीत, पावसाळा तोंडावर आला की रोख रक्कम घेऊन खाली करीत, आणि मोगली फौज पुढे सरकली की तोच गड परत घेण्याच्या तयारीला लागत. म्हणजे वेढ्याचा खर्च बादशाहाचा आणि पैसा मराठ्यांच्या पदरी. ताराबाईंनी केवळ बचाव केला नाही, तर फौजा नर्मदेपार माळव्यात आणि गुजरातेत पाठविल्या. १७०७ मध्ये औरंगजेब अहमदनगरजवळ मेला, तेव्हा त्याने घेतलेले अनेक गड मराठ्यांकडे परत आले होते किंवा परत येण्याच्या बेतात होते.